कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांत आरोग्य-संशोधनाचा निधी आणताना

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयांचं घोडं कल्पनांपाशी नाही, कागदांपाशी अडतं. आधी सॅम डॉट गव्हवर, म्हणजे केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्यांच्या नोंदणी-संकेतस्थळावर, संस्थेची नोंदणी करा, मग ग्रँट्स डॉट गव्ह या सरकारी अनुदानांच्या संकेतस्थळावर आणि ईआरए कॉमन्स या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) अर्ज-प्रणालीवर. सहा आठवडे तरी हाताशी ठेवा. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्यानं करावी लागते. ऐन मुदतीच्या दिवशी ती संपलेली निघाली, तर उत्तम प्रस्तावही दारातच अडकतो. ही तारीख एका माणसावर सोपवा. समितीवर सोपवलेली तारीख चुकतेच.

अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे वीज-हिशेबासारख्या सामाईक खर्चाचा, सरकारशी वाटाघाटीनं ठरलेला दर नसेल, तर प्रकल्पाच्या थेट खर्चावर साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत मागता येतो. संकोचानं सोडलात, तर वीज आणि हिशेबनीस महाविद्यालयाच्या खिशातून.

प्रस्तावातलं उद्दिष्टांचं पान एकच असतं. तीन महिने आधी ते बाहेरच्या अनुभवी परीक्षकाला दाखवा. आणि प्राध्यापकाचे तास कमी करा. चार वर्ग शिकवून रात्री लिहिलेला प्रस्ताव दमलेलाच वाटतो.