सिव्हिल इंजिनिअरिंगच्या फीची तुलना करताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत कॉलेजांची फी एकाखाली एक लिहिली जाते, आणि बहुतेकदा ती पहिल्या सेमिस्टरचीच असते. बेरीज आठही सेमिस्टरची हवी, आणि मिळणारी सवलत वजा करून.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नुसता आकडा ऐकून कॉलेज यादीतून खोडणं. इंदूरजवळच्या सिमरोलमधल्या आयआयटीची शिकवणी फी सेमिस्टरला 1 लाख, चार वर्षांचे 8 लाख. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 ते 5 लाखांत असेल तर दोन-तृतीयांश माफ होते. उरतात जेमतेम 2 लाख 67 हजार. 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी. होस्टेल-मेसचे पैसे वेगळे धरायचे, तरी चित्र किती पालटतं बघा! इतर अनेक कॉलेजांतही 8 लाखांखालील उत्पन्नासाठी शिकवणी फी माफ असलेल्या थोड्या जागा असतात. म्हणून उत्पन्नाचा दाखला काउन्सिलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या, आधीच काढून ठेवा.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची: ‘पुण्यात मावशी आहे, राहण्याचा खर्च वाचला.’ वाचतो, खरंच. पण महाराष्ट्र सरकारच्या फी-सवलतींना तिथला अधिवास लागतो, आणि आपली मुलं मध्य प्रदेशची मूळ निवासी. इथे राहिलं तर फी भरायला राज्य सरकारची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. तिच्या अटी: एमपी बोर्डात 70 किंवा सीबीएसईत 85 टक्के, जेईई मेन या प्रवेश परीक्षेत दीड लाखाच्या आतली रँक आणि उत्पन्नाची अट. हे सोडून पुण्याला जायचं तर आधी दोन्हीकडचा हिशोब मांडा.

कर्जाचं व्याजही कोणी धरत नाही. समजा दरवर्षी 1 लाख उचलले, 10 टक्के सरळ व्याजाने. शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू होईपर्यंत 4 लाखांवर 1 लाख 40 हजार व्याज चढलेलं असतं.

सर्व्हे कॅम्प, साइट व्हिजिट, लॅपटॉप यांचेही पैसे धरा. खासगी कॉलेजची फी भोपाळची प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते. काउंटरवर सांगितलेला आकडा तिच्या आकड्याशी ताडून पाहा आणि जास्तीचं काय ते लेखी मागा. कॉशन मनी, म्हणजे अनामत रक्कम, मात्र परत मिळते, ती खर्चात धरू नका.