सूक्ष्म प्राण्यांच्या अलैंगिक प्रजननावर पीएच.डी. कशी आखावी

डेलॉइड रोटिफर हा गोड्या पाण्यात आणि ओलसर मॉसमध्ये राहणारा, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा प्राणी. त्याच्या ४०० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, पण नर खात्रीने एकाही प्रजातीत सापडलेला नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९८६ मध्ये या गटाला उत्क्रांतीतले स्कँडलच म्हटले होते. विषय भुरळ घालतो खरा, पण आखणी कच्ची राहिली तर पुढची वर्षे जड जातात.

आधी प्रश्न, मग प्राणी

‘अलैंगिक प्रजननाची उत्क्रांती’ हे क्षेत्राचे नाव झाले, प्रश्न नव्हे. त्यात निदान दोन प्रश्न दडलेले आहेत. लैंगिक प्रजनन सुटते कसे, आणि सुटल्यावर वंश टिकतो कसा?

पहिला प्रश्न घ्यायचा असेल तर दोन्ही रीती जपणारा प्राणी निवडा. ब्रॅकिओनस या रोटिफरच्या माद्या एरवी नराविना पिढ्या वाढवतात. गर्दी झाली की पाण्यातल्या रासायनिक संकेतामुळे लैंगिक माद्या निपजतात आणि त्यांच्या अफलित अंड्यांतून नर येतात. त्याच्या काही वाणांनी (एकाच मादीच्या वंशांनी) लैंगिक प्रजननाची क्षमता गमावली आहे, म्हणजे तुलना एकाच प्रजातीत करता येते. डेलॉइड दुसऱ्या प्रश्नासाठी योग्य. लैंगिक प्रजनन नसेल तर घातक उत्परिवर्तने (डीएनएमधले बदल) पिढ्यान्‌पिढ्या साचत जावीत, हा जनुकशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांचा १९६४ मधला युक्तिवाद डेलॉइडना कसा लागू पडतो, की पडतच नाही?

एका मादीपासून वाण तयार करा

कोरडे मॉस काही तास पाण्यात भिजवा आणि ते पाणी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली तपासा. बारीक पिपेटने एकच मादी उचला, स्वच्छ पाण्यातून दोन-चारदा काढा आणि एकटी ठेवा. पिल्ले झाली की वाण सुरू झाला.

एकट्या मादीला पिल्ले झाली, एवढ्यावरून ती अलैंगिक ठरत नाही. ब्रॅकिओनसचे वर आलेच आहे, शिवाय काही सूत्रकृमी उभयलिंगी असतात आणि स्वफलन करतात. अंड्यात अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, होते का, हे गुणसूत्रे रंगवून पाहावेच लागते. बाहेरून सारखे दिसणारे रोटिफर वेगळ्या प्रजातींचे निघू शकतात, म्हणून प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा अनुक्रम पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.

‘नाही’ सिद्ध करण्याची तयारी

खरी परीक्षा इथे आहे. अ‍ॅडिनेटा व्हॅगा या डेलॉइडचा जीनोम (संपूर्ण डीएनए अनुक्रम) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गुणसूत्रांची मांडणीच अशी दिसली की नेहमीचे अर्धसूत्री विभाजन अशक्य वाटावे. २०२१ मध्ये डीएनएच्या तुकड्यांच्या अधिक चांगल्या जुळणीत समजातीय (एकमेकांशी जुळणाऱ्या) गुणसूत्रांच्या जोड्या सापडल्या, जनुकीय पुनर्संयोगाच्या, म्हणजे त्या जोड्यांतल्या डीएनएच्या अदलाबदलीच्या, खुणाही दिसल्या. प्राणी तोच, निष्कर्ष मात्र उलटला. त्यामुळे अनुक्रमणासाठी लांब वाचने देणारे, म्हणजे डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणारे, तंत्र आराखड्यात धरा, निदान एका वाणासाठी तरी. प्रस्तावही असा लिहा की लैंगिकतेच्या खुणा सापडल्या तरी प्रबंध उभा राहील. ‘हा प्राणी पूर्ण अलैंगिक आहे’ या गृहीतावरच सगळा डोलारा असेल, तर चांगला गाइड तिथेच थांबवेल, आणि त्याने थांबवावेच.

भेसळीकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. डेलॉइडच्या जनुकांपैकी सुमारे ८% प्राण्यांबाहेरून आलेली दिसतात, त्यामुळे परके जनुक दिसले की हर्ष होतो. पण २०१६ मध्ये डेलॉइड प्रजातींमधल्या जनुक-देवाणघेवाणीचा जो पुरावा मांडला गेला, त्याचे २०१८ च्या फेरतपासणीत स्पष्टीकरण निघाले ते नमुन्यांच्या भेसळीचे. एका नळीत दोन प्रजातींचे प्राणी गेले, की असा भास होतो. म्हणूनच डीएनए शक्यतो अनुक्रम तपासलेल्या वाणातूनच काढा आणि परके वाटणारे जनुक दुसऱ्या, स्वतंत्र नमुन्यात पुन्हा शोधा.

ओले आणि कोरडे वाण वेगळे ठेवा

डेलॉइड वाळूनही जिवंत राहतात. वाळताना त्यांचा डीएनए तुटतो आणि ओलावा मिळाल्यावर सांधला जातो. म्हणून उत्परिवर्तने मोजायचे वाण कधीही वाळू देऊ नका. पेट्री डिशचे झाकण, पाण्याची पातळी आणि सुट्टीतली जबाबदारी आधीच ठरवा. त्याच मादीचे दुसरे वाण ठरावीक पिढ्यांनी मुद्दाम वाळवा. वाळलेले प्राणी धुळीबरोबर उडतात, तेव्हा हे दोन्ही वाण एकाच कपाटात ठेवू नका.