एकाच यादीत दोनदा ‘भाकऱ्या’

आईच्या डब्यांच्या ऑर्डरी मोजायला जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ओळ वाचायची, पदार्थाचं नाव ‘की’ (ज्यावरून नोंद शोधायची ते नाव) म्हणून हॅशमॅपमध्ये, म्हणजे नाव आणि त्याचा आकडा अशा जोड्यांच्या साठ्यात, टाकायचं, आकडा एकाने वाढवायचा. उत्तर आलं: भाकऱ्या ९, आणि खाली पुन्हा भाकऱ्या ४.

पहिला संशय स्पेसवर. ट्रिम (शब्दाच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढणारी सोय) लावलं, काही फरक नाही. मग दोन्ही शब्दांची लेंग्थ छापली. एक ७, दुसरा ८! डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसणारे शब्द, आणि एकात एक कॅरेक्टर जास्त.

लूप लावून एकेक कॅरेक्टरचा कोड छापला तेव्हा उलगडलं. पहिल्यात ‘ऱ’ हे एकच अक्षर होतं, युनिकोड (प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक) ०९३१. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याच्यापुढे सुटा नुक्ता (अक्षराखालची खूण), म्हणजे ०९३० आणि ०९३सी. ऑर्डरी वेगवेगळ्या फोनवरून आल्या होत्या, त्यामुळे दोन्ही रूपं यादीत मिसळली. हॅशमॅप ‘की’ शोधताना हॅशकोड (मजकुरावरून काढलेला आकडा) आणि इक्वल्स (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते बघणारी मेथड) वापरतो, आणि स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुराचं, इक्वल्स कॅरेक्टर न् कॅरेक्टर ताडून बघतं. त्याच्या लेखी हे दोन वेगळेच शब्द.

उपाय एका ओळीचा. जावा टेक्स्ट पॅकेजमध्ये नॉर्मलायझर नावाचा क्लास आहे. मॅपमध्ये टाकण्याआधी नाव त्यातून एनएफसी रूपात (जुळणारे तुकडे जोडलेलं ठरावीक रूप) काढून घेतलं, की र आणि नुक्ता जुळून एकच ‘ऱ’ होतो. आता भाकऱ्या १३. पुऱ्यांचाही हिशेब त्याच ओळीने जुळला.

मराठी मजकूर मॅपमध्ये की म्हणून वापरत असाल तर ही ओळ आधीच घाला. मी दोन संध्याकाळी ट्रिममध्येच घालवल्या.