शिसं मऊ, टर्मिनल बारीक

लातुरात माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. तुटलेल्या टर्मिनलचे, म्हणजे वायरीचा क्लॅम्प जिथं आवळतात ते शिशाचे खांब मी लोखंडी साच्यात ओततो. पेरणीच्या तोंडावर एका ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी परत आली. "दादा, क्लॅम्प पार तळाला बसतोय, कितीही आवळा, ढिल्लाच!"

साचा तोच, हात तोच. फक्त शिसं या वेळी भंगारातल्या जुन्या केबलच्या आवरणाचं होतं. नख मारलं तर खोल ओरखडा. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी लावली: पॉझिटिव्ह खांब बुडाशी १९.५ मिमी हवा, भरला १९.४.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटेल. पण खांब निमुळता असतो, ९ मिमी उंचीला व्यास १ मिमीनं कमी. म्हणजे व्यास ०.१ मिमीनं घटला की क्लॅम्प जवळजवळ १ मिमी खाली सरकतो! शिवाय मऊ शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं, म्हणून आज आवळलेलं उद्या सैल.

शुद्ध शिसं गोठताना जास्त आकसतं. अँटिमनी हा धातू मिसळला की आकसणं कमी, कडकपणा जास्त. साचाही काठोकाठ भरतो. म्हणून जुन्या बॅटऱ्यांचे कडक खांब वेगळे काढून तेच वितळवले. चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात त्या वजनांपासून मात्र लांब राहतो, त्यांत जस्त निघालं तर सगळा घाणा बिघडतो.

ओतकाम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. पळी आधी तापवून कोरडी करायची. थेंबभर पाणी राहिलं तरी शिसं अंगावर उडतं.

नवा खांब १९.५ भरला. क्लॅम्प जागेवर बसला, हातानं हलेना.