‘पर्यंत’ आणि ‘ने’साठी इंग्रजीत ‘बाय’ कधी वापरायचा?

‘बाय’चा मूळ अर्थ ‘जवळ, बाजूला’. ‘सिट बाय द विंडो’ म्हणजे खिडकीशी बस. क्रिकेटमधला ‘बाय’ही असाच: चेंडू बॅटला, अंगाला न लागता बाजूने निघून जातो आणि फलंदाज धावा काढतात. इथवर कुणाचं अडत नाही. घोळ होतो तो आपल्या ‘पर्यंत’ आणि ‘ने’पाशी, कारण या दोघांसाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द लागतात आणि ‘बाय’ त्यांतला फक्त एक आहे. म्हणून मराठी वाक्याचं शेपूट पाहून शब्द निवडू नका, क्रियापद पाहा.

आधी ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत खिडकी उघडी आहे’ ही दोन वाक्यं घ्या. अर्ज एकदाच द्यायचा असतो, दिला की काम संपलं: ‘सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे’. खिडकी मात्र तोवर रोज उघडी राहते: ‘द काउंटर इज ओपन टिल फ्रायडे’. शंका आली तर ‘पर्यंत’ काढून ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी अर्ज द्या’ जुळतं, तिथे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी खिडकी उघडी आहे’ जुळत नाही, तिथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’.

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ ही कार्यालयीन पत्रांत सर्रास दिसणारी चूक. वाचणाऱ्याला वाटतं, सोमवारपर्यंत रोज अहवाल येत राहणार की काय! ‘बाय मंडे’ लिहा.

नकारात तर अर्थच पालटतो. ‘मी पाचपर्यंत येणार नाही’ याचे मराठीत दोन अर्थ होतात आणि बोलण्याच्या ओघात ते खपून जातं. इंग्रजीत तसं खपत नाही. ‘आय वोन्ट कम टिल फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आधी माझी वाट पाहू नका, मी त्यानंतर येईन. ‘आय वोन्ट बी देअर बाय फाइव्ह’ म्हणजे पाचला मी पोचलेलो नसेन, उशीर होईल. बैठक पाचला असेल तर हा फरक महागात पडतो.

‘बाय 31 जुलै’मध्ये 31 तारीख सहसा धरलेली असते. पण करारात, नोटिशीत वादाला जागा ठेवू नये. तिथे ‘ऑन ऑर बिफोर 31 जुलै’ लिहावं आणि सोबत वेळही द्यावी.

आता ‘ने’. ‘काच रमेशने दगडाने फोडली’ या एका वाक्यात दोन ‘ने’ आहेत. पहिला कर्त्याचा, दुसरा हातातल्या साधनाचा. ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय रमेश विथ अ स्टोन’. जिथे ‘कडून’ म्हणता येईल (रमेशकडून फुटली) तिथे ‘बाय’. हातात धरून वापरलेल्या वस्तूला ‘विथ’. म्हणून किल्लीने उघडणं ‘विथ अ की’, पेनने लिहिणं ‘विथ अ पेन’.

प्रवासाच्या ‘ने’ला ‘बाय’ येतो, पण त्याच्यापुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’ काही चालत नाही: ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. ठरावीक गाडी सांगायची झाली की शब्द बदलतो: ‘इन माय कार’, ‘ऑन द 8:15 लोकल’. ‘बाय वॉक’ मात्र सोडून द्या. चालत जाणं म्हणजे ‘ऑन फुट’, किंवा सरळ ‘आय वॉक्ड’. पैशांचंही तसंच: चेकने ‘बाय चेक’, कार्डाने ‘बाय कार्ड’, पण रोख ‘इन कॅश’.

तिसरा ‘ने’ फरक सांगणारा. इथे चूक झाली तर आकडाच बदलतो. पगार 20,000 रुपये आहे. ‘इन्क्रीज्ड बाय 5,000’ म्हणजे 5,000 ने वाढून 25,000 झाला. ‘इन्क्रीज्ड टू 25,000’ म्हणजे 25,000 वर गेला. घाईत ‘इन्क्रीज्ड बाय 25,000’ लिहिलं, तर कागदावर पगार 45,000 झाला.

‘बटण दाबून’मधल्या ‘ऊन’लाही, रीत सांगायची असेल तर, ‘बाय’ चालतो. फक्त पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावायचं. ‘बाय प्रेस द बटन’ चूक, ‘बाय प्रेसिंग द बटन’ बरोबर.

मोजमापाचा ‘बाय’ तर आपण मराठीतच वापरतो: दहा बाय बाराची खोली, हॉटेलात वन बाय टू चहा. इंग्रजीतही खोली ‘टेन बाय ट्वेल्व्ह’च. पण पाऊण भागाला ‘थ्री बाय फोर’ म्हणण्याची आपली शाळेतली सवय भारताबाहेर चटकन कळत नाही. तिथे ‘थ्री क्वार्टर्स’ म्हणावं. मजुरी तासावर असेल तर ‘बाय द अवर’, केळी डझनावर असतील तर ‘बाय द डझन’. या दोन्हींत ‘द’ हवाच. वजनावर विकणं मात्र ‘बाय वेट’, तिथे ‘द’ नको.

आणि गृहनिर्माण सोसायटीच्या ‘बायलॉज’मध्ये, म्हणजे उपविधींत, यातला कुठलाच अर्थ शोधू नका. तो ‘बाय’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गाव’ या शब्दाशी जोडला जातो. इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी या नावांच्या शेवटी तोच शब्द आहे.