ड्रम रिकामा करता करता डिफरन्शिअल इक्वेशन

बारावीच्या पोरांना हा धडा मी फळ्यावर सुरू करत नाही. अंगणातल्या २०० लिटरच्या निळ्या ड्रमापासून करतो. आमच्या दारव्हा भागात पाणी साठवायला ड्रम घरोघरी असतोच. फवारणीचं औषध कालवलेला मात्र अजिबात घेऊ नका. ड्रम सरळ भिंतीचा हवा, माठ किंवा निमुळती बादली चालणार नाही. तोटीखाली बादल्या लावा, पाणी झाडांना घाला.

एका तुराटीवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि तिला खडू फासा, म्हणजे भिजल्याची रेघ ठळक उठते. उंची तोटीच्या मध्यापासून मोजायची. आमचे आकडे, पूर्णांकात आणून: सुरुवातीला ८०, १० मिनिटांनी ४५, २० ला २०, ३० ला ५, आणि ४० ला तोटी बंद पडली.

एका पोरीनं लगेच विचारलं, "सर, तोटी तं तीच आहे, मंग पाणी हळू काहून झालं?"

सगळा विषय या प्रश्नात आहे. वर पाणी कमी, तर दाब कमी, तर धारही मंद. आता १० व्या मिनिटाचा वेग काढा. ९ व्या मिनिटाला ४८, ११ व्याला ४२. २ मिनिटांत ६ उतरले, म्हणजे मिनिटाला ३ सेंटिमीटर. हे अंतर लहान लहान करत नेलं की वेग ज्या आकड्याकडे जातो, तोच डेरिव्हेटिव्ह. तसेच ० ला ४, २० ला २, ३० ला १.

इथे घाई करू नका, पोरांना आकड्यांकडे बघू द्या. उंची ८० वरून २०, म्हणजे चौथाई झाली, वेग मात्र निम्मा. ४५ वरून ५, नववा हिस्सा. वेग तिसरा हिस्सा. वेग वर्गमुळाच्या मागे चालतो! इटलीच्या टोरिचेल्ली या शास्त्रज्ञानं हा नियम १६४४ साली छापला. डेरिव्हेटिव्हचं गणित म्हणजे कॅल्क्युलस, त्यावरचा जर्मन गणिती लाइबनिट्सचा पहिला लेख आला त्यानंतर, १६८४ ला.

आता लिहा, एच म्हणजे उंची, टी म्हणजे मिनिटं, डीएच/डीटी म्हणजे उंची बदलण्याचा वेग, के म्हणजे न बदलणारा आकडा: डीएच/डीटी = −के√एच. हेच डिफरन्शिअल इक्वेशन. उणे चिन्ह विसरलात तर ड्रम भरत जाईल. एच एका बाजूला, टी दुसऱ्या बाजूला नेऊन इंटिग्रेट करा, म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलटी क्रिया: २√एच = सी − के·टी. सी हाही न बदलणारा आकडा. सी पाठ करायचा नसतो, तो ड्रमाला विचारायचा: टी शून्य असताना एच ८०, म्हणून सी सुमारे १७.९. टी ४० असताना एच शून्य, म्हणून के सुमारे ०.४५.

१५ व्या मिनिटाची उंची आधी वहीत काढा. ३१ च्या जरा वर येईल. मग ड्रम पुन्हा भरून तुराटी बुडवा.