सदराची तारीख आणि वाळवणाचा डबा

पहिलं सदर मिळालं तेव्हा संपादकांनी विचारलं, "किती देऊ शकाल?" मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आठवड्याला दोन." पाच आठवडे दिले. मग नागपूरचा मे लागला. पारा पंचेचाळीसवर, दुपारी कूलरसमोर बसूनही एक ओळ सुचेना, आणि त्यात चुलत बहिणीचं लग्न. चार लेख बुडाले. संपादक रागावले नाहीत, त्यांनी माझ्या जागी राशिभविष्य छापलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

नव्यानं सदर लिहिणाऱ्यांना म्हणून आधी हेच सांगतो. घरी पाहुणे आहेत, वीज जाते-येते आणि ऑफिसात मार्चअखेर आहे, अशा आठवड्यात तुमच्याकडून किती लिहून होईल? तेवढाच शब्द द्या. मी पंधरा दिवसांना एकावर आलो आणि तीन वर्षं तारीख चुकली नाही.

त्याला खरा आधार झाला तो डब्याचा. आई उन्हाळ्यात कुरड्या, पापड, शेवया करून ठेवते. भर पावसात बाजारात जाता आलं नाही तरी ताट रिकामं राहत नाही. तसे माझ्याकडे तीन लेख कायम तयार असतात, कधीही छापले तरी शिळे न वाटणारे. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलेलं हे नागपूर शहर, सीताबर्डीची १८१७ ची इंग्रज-भोसले लढाई, असे विषय. नियम कडक आहे: एक काढला की महिन्याच्या आत दुसरा भरायचा. अडचण नसताना डब्याला हात लावायचा नाही. हा मोह फार होतो, विशेषतः रविवारी.

दुसरं म्हणजे जानेवारीतच कॅलेंडर घेऊन बसा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडापीडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांची मिरवणूक निघणार, हे काही अचानक कळत नाही. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. मी आठवडाभर आधीच इतवारीत जाऊन पुतळे बनवणाऱ्यांशी बोलून येतो. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत"चा गजर कानावर पडतो तेव्हा माझा लेख छापून झालेला असतो. दसऱ्याला दीक्षाभूमी, ऑक्टोबरपासून आंबिया बहाराची संत्री, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. म्हणजे निम्मं वर्ष आपोआप भरतं.

बाकी कामाची विभागणी ज्यानं त्यानं आपली बघावी. मी एका बैठकीत विषय खणतो, दुसऱ्या दिवशी लिहितो, मध्ये एक दिवस सोडून मग तपासतो. मधला दिवस मात्र गाळू नका, परवाच्या चुका आजच दिसतात. मथळा शेवटी.

गेल्या मेमध्ये आई आठ दिवस दवाखान्यात होती. रात्री तिच्या उशाशी बसून मी डब्यातला सीताबर्डीचा लेख संपादकांना पाठवून दिला. तो वेळेत छापून आला, तिनं पलंगावरच वाचला आणि म्हणाली, "डब्यातला ना हा? मग भर बाप्पा आता दुसरा."

फुटाळा तलावावरचा लेख अर्धा झालाय. आज रात्री पूर्ण करतो.